डब्यातली पद्मिनी

आमच्या मेहुण्यांनी पेंटरचा भाव ऐकला आणि त्याच संध्याकाळी ते स्वतःच पेंटर झाले. गाडी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी. १९७४ साली या फियाटला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. राणीचा शृंगार आता ४०० मिलिलिटरच्या स्प्रेच्या डब्यांतून.

"चार डब्यांत गाडी नवी!" हा त्यांचा हिशेब. एका डब्यात जेमतेम एक-दीड चौरस मीटर पत्रा झाकला जातो, हे नववा डबा हलवताना कळलं. डब्यातली गोळी खुळखुळली की आधी सोसायटीतली कुत्री भुंकत, मग चिटणीस.

घासकाम कंटाळवाणं, म्हणून गंजावरच लांबी थापली. मुहूर्त भर जुलैचा. रंगातला थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर दमट हवेचं बाष्प धरतं आणि चकचकीत मोरपंखी रंग ताक सांडल्यासारखा पांढुरका होतो. मेहुणे म्हणाले, "पर्ल फिनिश!" बॉनेटवर संत्र्याची साल उमटली. दारावरचा ओघळ त्यांनी घाईघाईने अंगठ्याने पुसला. तिथे आता मालकीहक्काचा कायमचा पुरावा आहे. दोन डासही अमर झाले.

आरसी बुकात रंग अजून ‘क्रीम’च आहे. बदलाची नोंद आरटीओत करायला हवी, पण अर्जात रंगाचं नाव काय लिहायचं? ताई म्हणते, "बुरशी." मेहुणे म्हणतात, अजून दोन हात बाकी आहेत.