किरकोळ चुकांचे अण्णा

जिल्हा वाचनालयात तुम्ही वर्तमानपत्र वाचत बसला आहात आणि मागून एक बोट येऊन पानावर टेकलं, 'ओळ सुटली तुमची', तर वळून बघायचं कारण नाही. ते अण्णाच. 1838 पासून या वाचनालयात नगरची माणसं आपापल्या हिमतीवर वाचत आली. अण्णा शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती मोकळीक उरलेली नाही.

अण्णा म्हणजे एकच माणूस असंही समजू नका. संगमनेरला एक आहेत, श्रीरामपूरला दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. नगर म्हणजे क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, तेव्हा अण्णांची संख्याही त्या मानानं असणारच. मी सांगतोय ते सावेडीतले. पाथर्डी, शेवगाव, नेवासा अशा तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर उभी हयात काढलेले, खिशात लाल पेन ठेवणारे आणि पूजेच्या आरतीतही ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येणारे.

अण्णांच्या पिशवीत कायम लग्नपत्रिकांच्या कापलेल्या पट्ट्या असतात. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची, ओळ संपली की खाली सरकवायची. डोळा भरकटत नाही, थकतही नाही. युक्ती खरोखर चांगली आहे, साठीच्या पुढच्यांनी करून पाहावी. अडचण एवढीच की अण्णा पट्टी ओळीच्या वर धरतात (वाचलेलं झाकायचं, पुढचं उघडं ठेवायचं, हा त्यांचा स्वतःचा शोध) आणि पट्टी पत्रिकेच्या डोक्याकडची असते. त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून वाचणाऱ्याला बातमी अशी दिसते: 'आमच्या येथे श्रीकृपेकरून कांद्याचे भाव कोसळले.'

अक्षराच्या बाबतीत त्यांना समर्थांचा आधार आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचं राहत नाही, मध्यम आकाराचं लिहावं, असं समर्थांनी त्यात बजावलं आहे. अण्णांनी मध्यम म्हणजे किती ते स्वतः ठरवलं. त्यांनी लिहिलेली किराणा मालाची यादी दुकानदार गल्ल्यावरून, चष्मा न लावता वाचतो, आणि रांगेतली बाकीची गिऱ्हाइकंही वाचतात. अण्णांच्या घरी इसबगोल किती लागतं हे सावेडीत लपून राहिलेलं नाही.

लक्षात ठेवण्याचा त्यांचा नियम त्याहून साधा आहे. परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते मोठ्यानं कुणाला तरी सांगायचं. सांगता आलं तर वाचलं, नाहीतर नुसती पानं उलटली. मानसशास्त्रज्ञांनीही प्रयोग करून हेच सांगितलं आहे: तेच पान पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलेलं जास्त टिकतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, ती किती वेगानं विसरतात याची मोजदाद केली आणि 1885 मध्ये छापली. अण्णांना त्याची कीव येते. 'निरर्थक अक्षरं कशाला? औटकी पाठ करायची ना!' साडेतीनचा तो पाढा अण्णा आजही न अडखळता म्हणतात. साडेतीनानं गुणायचा प्रसंग मात्र त्यांच्यावर गेल्या कित्येक वर्षांत आलेला नाही.

प्रश्न 'कुणाला तरी सांगायचं' इथे येतो. नेवाशात ज्ञानेश्वर खांबाला टेकून सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, ही खरी पद्धत, असं अण्णांचं मत. त्यामुळे पुस्तक मिटल्याचा आवाज आला की घरात सच्चिदानंदबाबा व्हायच्या भीतीनं पळापळ होते. सूनबाई गॅसकडे धावते, नातवाला अचानक अभ्यास आठवतो. दूधवाल्यानं तर येण्याची वेळच बदलली. उरतात काकू. त्या ऐकतात, लिहीत मात्र नाहीत. त्यांना लिहावं लागत नाही, हे अण्णांच्या फार उशिरा लक्षात आलं.

अण्णांचं खरं वैभव आहे त्यांची चूक-वही. व्यापारी रोजमेळ लिहितात तसली लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रकाने पाच: तारीख, चूक, कोणासमोर, कबुली, शेरा. डार्विननं आत्मचरित्रात लिहिलंय की आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती लगेच टिपून ठेवी, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा गैरसोयीच्या लवकर विसरतात हे त्याला अनुभवानं कळलं होतं. हे अण्णांनी कुठल्याशा व्याख्यानात ऐकलं आणि त्याच संध्याकाळी कापड बाजारातून वही आणली.

कबुलीचे नियमही कडक. सूर्यास्ताच्या आत करायची. पहिल्या वाक्यात 'मी' हवा. आणि 'पण' नको. 'पण आला की कबुली संपली, खुलासा सुरू झाला,' असं अण्णा म्हणतात, आणि मला विचाराल तर या एका वाक्यासाठी माणसाला पद्मश्री द्यायला हरकत नाही. आपल्याकडचे निम्मे माफीनामे या कसोटीवर फाडून टाकावे लागतील.

वहीतल्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. 'भाजीवालीस मेथी शिळी म्हणालो. ताजी होती. कबूल केले. तिने भाव कमी केला नाही.' 'लग्नात वराच्या मामास वरपिता समजून नमस्कार केला. कबूल केले. मामा नाराज.' 2024 साली जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हापासून तर वहीची पानं पुरेनात. बोलता बोलता 'नगर' म्हणायचं, थांबायचं, 'अहिल्यानगर' अशी दुरुस्ती करायची आणि रात्री नोंद. तिकडे माळीवाड्याच्या स्टॅंडवर आजही 'नगर, नगर' असंच ओरडतात आणि कुणीही काही नोंदवत नाही.

शेवगावचा किस्सा प्रसिद्धच आहे. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याला अण्णा कधीतरी म्हणाले होते की राज्यातली पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली. पुढे कुठेतरी वाचलं की 1 जून 1948 ची ती गाडी पुण्याहून नगरला आली होती. अण्णांनी पिशवी भरली आणि शेवगावची गाडी धरली. सहकारी ओसरीवर झोपलेले. उठवलं. त्यांना मूळ विधानच आठवेना. चूक आठवत नसेल तर कबुली कशाची द्यायची? म्हणून अण्णांनी आधी चुकीची माहिती पुन्हा नीट समजावून सांगितली, गाडीच्या सुटण्यासकट, आणि मग ती मागे घेतली. चहा झाला. अण्णा समाधानानं परतले. त्यानंतर ते सहकारी भेटेल त्याला सांगतात, 'पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली. अण्णा मुद्दाम येऊन सांगून गेले.'

दुसऱ्यांच्या चुका अण्णा वहीत लिहीत नाहीत, तोंडी दुरुस्त करतात. शहराबाहेर डोंगरावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत आहे ना, जिला सगळा गाव चांदबीबीचा महाल म्हणतो, ती कबर आहे सलाबतखानाची, निजामशाहीतल्या एका मंत्र्याची. चांदबीबीनं किल्ला लढवला हे खरं, त्या इमारतीशी तिचा संबंध नाही. एकदा पाहुण्यांना घेऊन निघाले तेव्हा अण्णांनी रिक्षावाल्याला सांगितलं, 'सलाबतखानाची कबर.' रिक्षावाल्यानं बरीच कबरस्थानं दाखवली. शेवटी पाहुणे वैतागून म्हणाले, 'चांदबीबी महाल.' 'मंग तसं म्हणा ना राव,' रिक्षावाला म्हणाला, 'लई वेळ घालवला.' अण्णांनी त्याला वाटेत इतिहास सांगितला. त्यानं भाडं इतिहासासकट लावलं.

किल्ल्याबद्दल त्यांचा स्वतंत्र सिद्धांत आहे. 1942 च्या ऑगस्टपासून काँग्रेसचे डझनभर पुढारी नगरच्या किल्ल्यात कोंडलेले होते. तिथे नेहरूंनी 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारेक पानं हातानं लिहिली, आणि बरोबरच्या काही कैद्यांनी ती वाचून सूचना केल्या. नेहरूंनी प्रस्तावनेत त्यांचे आभार मानलेत. अण्णा म्हणतात, 'आपली चूक कळायची तर चूक दाखवणारा उठून जाता कामा नये. किल्ल्यात ती सोय होती.' हे त्यांनी जेवताना सांगितलं तेव्हा काकू आमटी वाढत होत्या. 'मी एकेचाळीस वर्षं किल्ल्यातच आहे,' त्या म्हणाल्या.

इथपर्यंत वाचून तुम्हाला अण्णांबद्दल आदर वाटू लागला असेल. मलाही बरेच दिवस वाटत होता. मग एकदा ती वही माझ्या हातात आली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. मेथी आहे, मामा आहे, एसटी आहे. बोअर नाही.

पाथर्डी तालुक्यात अण्णांची वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन आहे. तिथे पाणी पाडायचं त्यांच्या मनात आलं तेव्हा आधी ते रीतसर अभ्यासाला हिवरे बाजारला गेले. तिथे दर वर्षी पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यापासून गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली, त्यात शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही हेही आहे. अण्णांनी सगळं टिपलं. त्या टिपणांत 'बोअरबंदी' हा शब्द दोनदा अधोरेखित आहे, मी पाहिलाय. परत आले, आणि पंधरा दिवसांत पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ उभा राहिला, अण्णा खूश झाले, मशीन आलं. चारशे फुटांपर्यंत पांढरी धूळ उडत राहिली. त्या धुळीत काकूंच्या पाटल्या गेल्या.

अण्णा किरकोळीत कबूल होतात, घाऊकीत नाही. इतक्या नोंदी, इतकी सूर्यास्ताच्या आतली धावपळ बघून समोरचा असाच हिशेब करतो की मेथीची सुद्धा कबुली देणारा माणूस मोठी चूक लपवेल कशाला? लपवतोय असं खुद्द अण्णांनाही वाटत नसावं. वही भरलेली असते, झोप छान लागते. ही जात नगरपुरती आहे असं मी म्हणणार नाही. मंत्रालयातही वह्या असतील.

मी काकूंच्या देखत विषय काढला. 'अण्णा, बोअरची नोंद राहिली वाटतं.'

'त्याचं काय आहे,' अण्णा म्हणाले, 'जागा पाणाड्यानं दाखवली. नारळ उभा राहिला होता, पण त्या साली पाऊसच कमी. आणखी शंभर फूट गेलो असतो, पण मशीनवाल्याला दुसरीकडे जायचं होतं. हिवरे बाजारचं बरोबर आहे, पण त्यांचं पाणलोट वेगळं, आपलं—'

'तीन,' काकू म्हणाल्या. त्या गहू निवडत होत्या, मान वर केली नाही.

अण्णा गप्प झाले. मग त्यांनी नेवासा काढलं. ज्ञानेश्वरी सांगून झाली 1290 मध्ये. नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या आणि एकनाथांनी ती शुद्ध केली 1584 मध्ये. 'दोनशे चौऱ्याण्णव वर्षं! आणि तुम्ही लोक एका बोअरसाठी चार वर्षांत घाई करता.'

'चुका नकलाकारांच्या होत्या,' काकू म्हणाल्या. 'ज्ञानेश्वरांनी पाटल्या मोडल्या नव्हत्या.'

त्या रात्री अण्णांनी नोंद केली. रकाना पहिला, तारीख. रकाना दुसरा: 'बोअर. जागा बरोबर. पाणी चुकले.' तिसरा आणि चौथा कोरा. सकाळी वही उघडली तर शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्याच लाल पेनानं, काकूंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'दहा वेळा लिहून आणणे.' हा शेरा अण्णांनी जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत हजारो पोरांना दिलेला आहे, तेव्हा तो नाकारायची सोय नव्हती.

सध्या त्यांचं चार वेळा लिहून झालंय. चारही वेळा पाणी निरनिराळ्या कारणानं चुकलं आहे.