हलना चाही!

सरकारच्या लेखी माझी गाडी आता ‘विंटेज’ होऊ शकते. 2021च्या नियमानुसार 50 वर्षं उलटलेली, मूळ रूप राखलेली गाडी तशी नोंदवता येते. फी 20,000 रुपये, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. आमच्या घरी तिला ‘तो डबा’ म्हणतात. अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे कळल्यावर हिला इतका आनंद झाला की फी ती स्वतः भरायला निघाली.

डबा म्हणजे 1973ची फियाट. पद्मिनी हे नाव पडायच्या आधीची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, स्टीअरिंगला गिअर असलेली. रायपूरचा मे महिना माणसांनाच सोसत नाही. गाडीचा रेडिएटर गळायला लागला. पंडरीतलं बसस्टँड भाटागावला जायच्या आधीपासून तिथे बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तो उतरवला, धुतला, डाग दिला, हवा भरून पाण्यात बुडवून तपासला. बसवण्याची मजुरी त्याने सांगितली आणि मी हसलो. चार बोल्ट पिळायचे, त्याला मिस्त्री कशाला?

रेडिएटर थेट लोखंडावर बसत नाही. खाली रबराचे गट्टे असतात. खड्ड्यात गाडीची बॉडी पिळवटते, तो पीळ तांब्या-पितळेच्या पातळ नळ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून. आमचे गट्टे हातात घेताच त्यांचा भुगा झाला. नवे मिळेनात. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आता ‘फियाटची रबरं’ म्हटलं की दुकानदार सुटा भाग म्हणून माझ्याकडेच बघतात.

तेव्हा नजर गेली ती हिच्या बाथरूमच्या चपलांवर. निळ्या, जाड, मऊ. भाजीच्या सुरीने गोल कापले, तापवलेल्या सळईने भोकं पाडली. मग पाना घेतला. गळका नळ, ढिला बोल्ट आणि उघडं राहिलेलं डब्याचं झाकण मला बघवत नाही, हा आमच्या घराण्याचाच आजार आहे. मी आवळलं. पुन्हा आवळलं. चपलेने बाजूने निळी जीभ बाहेर काढली, तरी अर्धा आटा आणखी दिला. रेडिएटर हलवून पाहिला. तसूभर हलेना. काय ते समाधान!

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या साड्या घ्यायला पंडरीच्या कापड मार्केटला निघालो. हिची बहीण मागे बसली होती, म्हणजे साक्षीदारही होता. पहिल्या खड्ड्याला काही नाही. दुसऱ्याला ‘कर्र’. मार्केटच्या तोंडाशी सलग कर्रकर्र आणि बॉनेटमधून वाफ. गरम रेडिएटरखाली एका बाजूची चप्पल वितळून बसली होती. त्या बाजूने रेडिएटर कलला होता आणि पंख्याने त्याच्या जाळीवर सुबक अर्धवर्तुळ कोरलं होतं.

साड्यांच्या दुकानांतली मंडळी बाहेर आली. एक म्हणे बॉनेट खोलो, दुसरा म्हणे मत खोलो. मी झाकण उघडायला हात घातला, तो हिने मागे ओढला, आणि नाक वर करून विचारलं, “अहो, हा वास माझ्या चपलेचा आहे का?”

मिस्त्री आला. त्याने आत वाकून पाहिलं, निळा लगदा चिमटीत धरून बराच वेळ न्याहाळला आणि एवढंच म्हणाला, “अतेक झन कस, भैया.” म्हणजे, इतकं आवळू नको.

मग ट्रकच्या मडगार्डचं जुनं रबर काढलं. पातं पाण्यात बुडवत कापायला लागला. ओलं पातं रबरात अडकत नाही. प्रत्येक बोल्टला दोन नट: पहिला रबराला टेकेपर्यंत, दुसरा पहिल्यावर आवळून. आवळायचं ते नटाला नट, रबराला नाही. शेवटी दोन्ही हातांनी रेडिएटर धरून त्याने हलवला.

“हलतोय!” मी ओरडलो.

“हलना चाही,” तो म्हणाला, आणि बसवण्याच्या मजुरीत जाळी सरळ करण्याची मजुरी मिळवून आकडा सांगितला. या वेळी हसली ती मेहुणी.

पाना सध्या हिच्या कपाटात, साड्यांच्या खाली, कुलपात आहे. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या फियाटची रेडिएटरची रबरं पडली असतील, तर कृपया कळवावं. योग्य किंमत देऊ. पत्र हिच्या नावाने पाठवावं, माझ्या नव्हे.