वय सव्वीस, इयत्ता कॉलेज

अहो, ऐकलंत का? अमेरिकेतली पोरं कॉलेज सोडेनाशी झालीत! नापास होताहेत, केटी बसलीय, असलं काही नाही हो. पदवी केव्हाच खिशात आहे, काहींच्या तर दोन-दोन. दाढ्या आल्या, लग्नं ठरली, तरी शनिवारी कॉलेजची जर्सी अंगात घालून मैदानात हजर. आणि हे कोण? तर फुटबॉल-बास्केटबॉलचे खेळाडू. त्यातल्या बास्केटबॉलवाल्यांच्या नावानं तर 'मेले एक वर्ष कॉलेजात काढतात आणि पैशांमागे पळतात' म्हणून कालपर्यंत खडे फोडले जात होते. तेव्हा पळायचे म्हणून बोंब, आता हलत नाहीत म्हणून बोंब. लोकांनी करायचं तरी काय!

आता उदाहरणच घ्या. कॅम मॅकॉर्मिक नावाचा गडी २०१६ साली ओरेगन विद्यापीठात फुटबॉल खेळायला दाखल झाला. त्याच तुकडीत जस्टिन हर्बर्ट होता. हर्बर्ट रीतीप्रमाणे कॉलेज संपवून २०२० मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि २०२३ मध्ये त्यानं २६ कोटी २५ लाख डॉलरच्या करारावर सही केली. आणि आमचे मॅकॉर्मिक? २०२४ मध्येही कॉलेजातच! फक्त कॉलेज बदललं होतं, ओरेगनचं मायामी. वय सव्वीस, वर्ष नववं. नऊ वर्षांत आपल्याकडे माणूस एमबीबीएस करून, एमडी होऊन स्वतःच्या दवाखान्याची पाटी लावतो. खरं सांगायचं तर या बिचाऱ्यावर रागावता येत नाही. पाय मोडला, टाचेची शीर गेली, मोसमामागून मोसम अंथरुणात गेले, आणि प्रत्येक वेळी नियमानं वर्ष परत मिळालं. पण त्याची बातमी झाली आणि बाकीच्यांचीही वर्षं लोक बोटांवर मोजायला लागले.

नियम ऐकायला साधा आहे. एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर राज्य करणारी संस्था. तिचं म्हणणं, पाच वर्षांत चार मोसम खेळा आणि घरी जा. ते पाचवं वर्ष 'रेडशर्ट'साठी, म्हणजे संघाबरोबर सराव करायचा पण सामन्यात सहसा उतरायचं नाही, मोसम शिल्लक राहतो. दुखापत झाली तर सवलत वेगळी. मग आला करोना, आणि २०२०-२१ चा मोसम कुणाच्याच हिशेबात धरायचा नाही असं ठरलं. झालं! एका फटक्यात सगळ्यांना एक वर्ष बक्षीस. रेडशर्टचं एक, करोनाचं एक, गुडघ्याचं एक, अशी बेरीज करत सहावं-सातवं वर्ष काढणारे निघाले. कार्सन बेक २०२० साली जॉर्जियात आला. एनएफएलच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यासाठी, नाव दिलं, ते मागे घेतलं, आणि २०२५ च्या मोसमात मायामीचा क्वार्टरबॅक म्हणून उभा. इकडे मुलीकडच्यांना नाही म्हणायला जेवढा संकोच वाटतो तेवढाही या पोरांना एनएफएलला नाही म्हणताना वाटत नाही!

पण वर्षं शिल्लक आहेत म्हणून कुणी थांबतं का? थांबतात ते पैशासाठी, आणि इथेच चर्चा खरी खमंग होते. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा विकायची मुभा मिळाली. जाहिरात करा, सह्या विका, कुणी हौशी धनिक माजी विद्यार्थी थैली घेऊन आला तर नाही म्हणू नका. मग २०२५ च्या जूनमध्ये क्लॉडिया विल्केन या न्यायाधीशबाईंनी एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि त्या १ जुलैपासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून थेट पगार वाटायला लागली. मर्यादा पहिल्या वर्षी विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. रुपयांत पावणेदोनशे कोटींच्या आसपास जातं, पाणी प्या आणि मग पुढचं वाचा. शिवाय जुन्या खेळाडूंची थकबाकी म्हणून जवळजवळ २८० कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे, ते वेगळेच.

आता तुम्हीच हिशेब करा. पहिल्या दहांत निवड होणारा पोरगा जाईलच, त्याला कोण अडवणार? प्रश्न मधल्या पोरांचा. एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नाव आलं तर करार पक्का, दुसऱ्या फेरीत आलं तर काहीच पक्कं नाही. म्हणजे तिकडे जाऊन बाकावर बसायचं, नाहीतर दुय्यम लीगमध्ये बसगाडीनं गावोगाव हिंडायचं. आणि इथे? हॉस्टेल, वीस हजार प्रेक्षक, गावभर ओळख आणि वर भरलेला खिसा. एनबीएच्या ड्राफ्टसाठी मुदतीआधी नाव देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेहून जास्त होते, २०२५ मध्ये उरले शंभराच्या आसपास. त्यातूनही बरेच परत फिरले. याक्सेल लेंडेबोर्ग पहिल्या फेरीत जाईल असं जाणकार सांगत होते. त्यानं नाव मागे घेतलं आणि मिशिगनला गेला. दारातून परत!

आणि जो ऐकत नाही त्याचं काय होतं तेही बघा. फुटबॉलचा क्वार्टरबॅक क्विन ईवर्स. या पोरानं २०२१ मध्ये शाळेचं शेवटचं वर्षच सोडलं होतं, कारण टेक्सासच्या शाळांत पैसे घ्यायला बंदी होती आणि कॉलेजात नुकती परवानगी आली होती. म्हणजे पैशासाठी कॉलेजात लवकर घुसलेला हा मुलगा! २०२५ मध्ये तोच, कॉलेजचं एक वर्ष शिल्लक असताना, बाहेर पडला. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीपर्यंत ताटकळला, क्रमांक २३१. आणखी एक वर्ष थांबला असता तर कुठल्या ना कुठल्या विद्यापीठानं त्याच्यापुढे एनएफएलच्या करारापेक्षा कितीतरी मोठी थैली ठेवली असती, असं तेव्हा जो तो म्हणत होता. कॉलेज सोडल्यामुळे पोराचं नुकसान झालं, असं आपले आईवडील म्हणायचे. त्यांच्या मनात मात्र हा अर्थ नव्हता.

मुलींची गोष्ट तर आणखी मजेशीर. बास्केटबॉलपटू पेज ब्यूकर्स २०२४ मध्येच व्यावसायिक लीगमध्ये जाऊ शकली असती. थांबली, २०२५ मध्ये कनेटिकटला विजेतेपद मिळवून दिलं आणि मग ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकानं गेली. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाचा पहिल्या वर्षाचा पगार किती होता? ७८,८३१ डॉलर. जाहिरातींतून याच्या कितीतरी पट कॉलेजात असतानाच मिळत होते. देशातली सर्वोत्तम खेळाडू नोकरीला लागली आणि पगाराचा आकडा बघून शेजारणींनी हळहळ व्यक्त करावी, अशी ही बढती.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा. पुण्यात 'पुरुषोत्तम'मध्ये एकांकिका करता यावी म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या पदवीला नाव घालणारे रंगकर्मी आपण पाहिलेत. वर्गात त्यांचा चेहरा प्राध्यापकांना ओळखता येत नाही, पण करंडकाच्या फेरीत भरत नाट्य मंदिर दणाणून सोडतात. फक्त त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत, उलट चहाचे स्वतःच्या खिशातून जातात.

सगळ्यात जास्त गहजब झाला तो डिएगो पाविया या क्वार्टरबॅकचा. हा आधी न्यू मेक्सिकोतल्या एका लष्करी ज्युनिअर कॉलेजात (आपली अकरावी-बारावी नव्हे, शाळेनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) दोन मोसम खेळला, मग न्यू मेक्सिको स्टेटकडून, मग व्हँडरबिल्टकडून. व्हँडरबिल्ट म्हणजे अभ्यासू पोरांचं विद्यापीठ, फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं मार खाणारं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असं हरवलं, आणि पोरांनी गोलपोस्ट उपटून गावातून मिरवत नेऊन नदीत टाकला. एवढं झाल्यावर कुणाला घरी जावंसं वाटेल? पावियानं थेट कोर्ट गाठलं. म्हणाला, ज्युनिअर कॉलेजचे मोसम माझ्या खात्यात धरू नका, त्यानं माझी कमाई बुडते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ते मानलं! एनसीएएनं घाईघाईनं त्याच्यासारख्या सगळ्यांना एका वर्षाची सूट दिली, आणि त्यानंतर जो तो वकील घेऊन उभा. एका राज्यात जिंकतात, शेजारच्या राज्यात हरतात. टेनेसीचा झकाई झीगलर पाचवा मोसम मागायला गेला, त्याला कोर्टानं परत पाठवलं. पाविया मात्र २०२५ चा मोसम खेळला आणि कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइस्मन पुरस्काराच्या शर्यतीत दुसरा आला. खटला फुकट गेला नाही.

आता माझ्या मनातलं सांगते. या सगळ्यावर 'शिक्षणाचं पावित्र्य' म्हणून गळे काढणारे प्रशिक्षक आणि अधिकारी बघितले की मला हसू येतं. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द एनसीएएनं १९५० च्या दशकात रुळवला. मैदानावर जखमी झालेल्या पोरांना कामगार मानून भरपाई द्यावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. पुढे टीव्हीचे करार अब्जावधींचे झाले. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढलं तेव्हा करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले. काम करू नकोस म्हणून! तेव्हा पावित्र्य कुणाला आठवलं नाही. पोरांनी पैसे मोजायला सुरुवात केली आणि एकदम सगळ्यांना सरस्वतीमाता आठवली.

चुकतंय ते वेगळ्याच ठिकाणी. त्या तडजोडीनंतर फुटबॉल संघात जास्तीत जास्त १०५ जण. तेविशी-चोविशीचा तयार गडी जागा अडवून बसला तर बारावीतून येणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरानं कुठे जायचं? प्रशिक्षकालाही घाई असते, त्याला पोरगा घडवायला वेळ नाही, घडलेला हवा. म्हणजे शिष्यवृत्तीच्या आशेवर गावात सराव करणाऱ्या मुलाचं दार हळूहळू लागतंय. त्याच्यासाठी कुणी कोर्टात जात नाही, कारण त्याचा चेहरा अजून विकाऊ नाही.

आणि चेहरा विकाऊ असूनही ज्याला तो विकता आला नाही, तो बास्केटबॉलवाला झॅक एडी? सव्वासात फुटांहून उंच, टोरंटोचा. पर्ड्यूकडून लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, चौथ्या वर्षासाठी थांबलाही, पण एफ-वन व्हिसावर असल्यामुळे अमेरिकेत सहकाऱ्यांसारखी कमाई करता येईना. हाच व्हिसा पुण्या-नाशिकहून एमएस करायला गेलेल्या आपल्या पोरापोरींच्या पासपोर्टवर असतो, म्हणून त्याचं दुःख त्यांना लगेच कळेल. आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच. लायब्ररीत पुस्तकं लावणारी आपली पोरगी आणि कोर्टवर बास्केट करणारा तो, दोघंही एकाच नियमाखाली.

ताजी खबर तर याच्याही पुढची आहे. आता पोरं कॉलेज सोडत नाहीत एवढंच नाही, बाहेर गेलेलीसुद्धा परत यायला लागलीत! जेम्स न्नाजी, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ३१ व्या क्रमांकावर निवडलेला, युरोपात बार्सिलोनाकडून खेळलेला, २०२५ च्या डिसेंबरमध्ये बेलर विद्यापीठात दाखल झाला, चार वर्षांची पात्रता घेऊन! जॉन कॅलिपारींसारखे प्रशिक्षक खवळले. पूर्वी दर वर्षी अख्खा संघ एका वर्षात एनबीएला पाठवायची ख्याती असलेले हेच ते कॅलिपारी, हे मी फक्त आठवण म्हणून सांगते. पाठोपाठ २०२६ च्या जानेवारीत चार्ल्स बेडियाको. अलाबामा सोडून गेलेला, एनबीए संघाशी करार केलेला, तो टस्कलूसाच्या कोर्टाकडून तात्पुरता आदेश घेऊन पुन्हा अलाबामाच्याच संघात! काही सामने खेळलाही. आदेश देणारे न्यायाधीश त्याच विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे देणगीदार निघाले, मग ते बाजूला झाले, दुसऱ्या न्यायाधीशांनी नाही म्हटलं आणि स्वारी पुन्हा बाहेर. तोवर हरलेल्या संघांनी काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.