चौकटीवरचं घुबड

"वहिनी, खरं सांगा, तुमच्या दारावर सकाळपासून डोळे वटारून बसलंय ते घुबडच ना?"

"घुबडच. जोडी आहे, काकू. घरमालकीणबाईंनी तर येता-जाता हात जोडले. लक्ष्मीचं वाहन ना!"

"त्यांचं असेल. आमच्या आजोळी घुबडाला दगडसुद्धा मारू देत नसत. ते तो झेलतं, नदीवर नेऊन झिजवतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो म्हणे."

"मग हे बरं, शिवणीच्या लाकडाचं आहे. इथे बंगालात गामार म्हणतात. परवा ह्यांना ओढत नतुनग्रामला नेलं. हावड्याहून काटवा लोकल, अग्रद्वीपला उतरायचं. घराघरांत सुतारकाम. पुरुष कोरतात, रंगवतात बहुतेक बायका. अखंड ठोकळा, कुठे सांधा नाही. बाटाली म्हणजे आपली पटाशी, तिने दहा-बारा घाव घातले की घुबड हजर! मान नाही, पाय नाहीत, पंखांचं निम्मं काम रंगाच्या रेघांवर सोडलेलं. तरी वाटतं, आत्ता मान वळवेल."

"घाई झाली असेल त्यांना."

"घाई नाही हो! ओंडक्याच्या अंगातच घुबड आहे. मोर करायचा तर लाकूड किती फेकावं लागेल! आपले जोडासाँकोचे अवनींद्रनाथ, एवढे मोठे चित्रकार, उतारवयात वाळक्या फांद्या आणि मुळं गोळा करत बसायचे. फांदीत पक्षी दिसला की जरासं तासायचं, की झालं. त्याला नाव ठेवलं होतं कुटुम-काटाम. घरच्यांना वाटलं असेल, म्हातारा खुळावला."

"तुम्ही मराठी म्हणून सांगितलंत का तिथे? काटवा म्हणजे..."

"हो ना! दोन-तीन स्टेशनं पुढे. १७४२ साली नागपूरच्या मराठा फौजेच्या भास्करपंत कोल्हटकरांची छावणी तिथेच. ऐन दुर्गापूजेत बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने छापा घातला आणि आपली मंडळी पळाली. अजून बाळांना बर्गींची, म्हणजे आपल्याच मराठी स्वारांची, भीती घालून झोपवतात. मी नागपूरची म्हटल्यावर एक आजी खळखळून हसल्या आणि घुबडावर वीस रुपये वाढवले. पावणेतीनशे वर्षांचा चौथ वसूल!"

"बाई गं!"

"आता तिथे घुबडाची स्टुलं करतात, घड्याळं करतात, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्यासुद्धा. मला नाही आवडलं ते. पोटात घड्याळ बसवलेलं घुबड म्हणजे ऑपरेशन झाल्यासारखं दिसतं. पण साध्या बाहुल्यांवर घर चालत नसेल, तर मी कोण बोलणारी? आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळणी करणाऱ्यांनीही बदलत्या गिऱ्हाइकांचे असेच लाड पुरवले असतील."

"लाकडी पक्षी म्हणजे मला आपलं पाळण्यावरचं चिमणाळं आठवतं. माझ्या धाकट्याने त्यातला पोपट चावून चावून बिनचोचीचा केला होता."

"येत्या कोजागिरीला घरमालकीणबाईंकडे लक्ष्मीपूजा. आपण दूध आटवणार, त्या घुबडाला पुजणार. पौर्णिमा मात्र एकच."

"हं... वहिनी, पुन्हा जाणार आहात का तिकडे?"

"का हो?"

"काही नाही. लहानसं मिळालं तर बघा. सासूबाई आल्या की कपाटात ठेवीन."