सफारीभाऊ

धानोरा म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, “गडचिरोलीचं का?” जळगावकडचा असला तर त्याला चोपडा तालुक्यातलं धानोरा आठवतं. आमचं धानोरा नंदुरबार तालुक्यातलं. इथल्या माणसाच्या तोंडात अहिराणी, गुजराती, भिली आणि मराठी अशा चार भाषा एकाच वाक्यात सुखानं नांदतात, पण माणूस स्वतः फारसा कुठं जात नाही. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्हा फोडून नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हा आम्ही ओट्यावरून न उठता एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा सगळ्यात लांबचा प्रवास तोच.

अशा गावातला एक माणूस दुबईला जाऊन आला.

भाऊंचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. या धंद्यातल्या माणसाला भूगोल वेगळ्या पद्धतीनं कळतो. कंपनी टार्गेट देते. थोडं खपवलं तर गोवा, जास्त खपवलं तर बँकॉक, त्याहून जास्त खपवलं तर दुबई. म्हणजे शेतकऱ्यानं कपाशीवर किती फवारे मारले यावर दुकानदार किती लांब जाणार हे ठरतं. त्या साली गुलाबी बोंडअळी जोरात होती. भाऊ दुबईला गेले.

परत आल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द. डेझर्ट सफारी. आता आमच्याकडे सफारी म्हणजे लग्नात व्याह्याला घेतात तो सूट. पारावरच्या आबांनी विचारलं, “कितीले पडनी?” भाऊ म्हणाले, “फुकट. कंपनीनं दिली.” आबा म्हणाले, “मग घालत का नही?” त्या दिवसापासून त्यांचं नाव सफारीभाऊ.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती परत येतात ती फक्त सामानासकट, जीव तिकडंच. सफारीभाऊंनी मनगटावरचं घड्याळ दुबईच्याच वेळेवर ठेवलं होतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागं. सकाळी दहाला दुकान उघडताना ते शटर अर्धं वर करून थांबायचे आणि म्हणायचे, “तिथं आत्ता साडेआठ.” युरियाची गोणी घ्यायला आलेल्याला आधी मोबाईलमध्ये भाऊंच्या हातावर बसलेला बहिरी ससाणा बघावा लागायचा, मग उंटावरचे भाऊ, मग वाळूच्या टेकडीवर दोन्ही हात पसरलेले भाऊ. युरियाची टंचाई असली की ससाणा दोनदा.

भाऊ खोटं बोलत नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. ते फक्त पुन्हा पुन्हा खरं बोलतात. वाळवंटात शिरण्याआधी गाडीच्या चाकांतली हवा कमी करतात, म्हणजे चाक पसरतं आणि रुतत नाही. वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उसळवत नेतात, पोटातलं सगळं घशाशी येतं, आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात. मग तंबू, गालिचे, खजूर, कावा, फिरकी घेत नाचणारा माणूस आणि निखाऱ्यावरचं जेवण. हे सगळं गावाला इतकं पाठ झालं होतं की एकदा भाऊ दुकानात नसताना त्यांच्या नोकरानं एका गिऱ्हाईकाला अख्खी सफारी सांगून पाठवलं.

पौष लागला, कपाशीची शेवटची वेचणी उरकली आणि भाऊंनी जाहीर केलं, “आपण इथंच करू. एक दिवसाची. सकाळी वाळवंट, दुपारी स्विमिंग, संध्याकाळी पारंपरिक जेवण. आपल्याकडे काय कमी आहे?”

“वाळवंट,” मी म्हणालो.

“सर, तुम्ही तापी विसरले,” भाऊ म्हणाले.

तापीची वाळू खरी, पण सारंगखेड्याला आणि प्रकाशाला बॅरेज झाल्यापासून पाणी तुंबून राहतं. वाळू उघडी पाहायची तर जागा शोधावी लागते. भाऊंनी शोधली होती. प्रकाशाच्या पुलाच्या अलीकडे, दोन पुरुष उंचीची टेकडी, एकदम सोनेरी. आठवड्यापूर्वी मोटारसायकलवर जाऊन ते तिचा फोटोही काढून आले होते. फोटो दुबईच्या फोटोंच्या मध्येच ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर ओळखू येत नव्हता.

वर्गणी अडीचशे. गाडी क्रूझर. “तिथं लँड क्रूझर असते,” भाऊ म्हणाले, “आपली लँड नसली म्हणून काय झालं.” ड्रायव्हर धरून चौदा जण बसलो. पुढच्या सीटवर चौघं, त्यातले अडीच आत. भाऊंनी पांढरं उपरणं डोक्यावर घेऊन त्यावर काळा गोफ आवळला होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा. आबा सहलीला आले होते ते प्रकाशाच्या दर्शनासाठी. वाळवंटाबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नंदुरबार ओलांडताना मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. या दिवसांत तिथं जमीन दिसत नाही, नजर पोचेल तिथपर्यंत ओली लाल मिरची वाळत पडलेली. भाऊ मागं वळून म्हणाले, “दुबईत एका ठिकाणी वाळू अशीच लाल...” पुढचं वाक्य शिंकेत गेलं. मग ड्रायव्हर शिंकला, मग सगळी गाडी. पाच मिनिटं आम्ही शिंकतच पुढं गेलो. त्या पाच मिनिटांत दुबईचं नाव निघालं नाही.

पुढं रस्त्याच्या कडेला रबाऱ्यांचा तांडा होता. पावसाळा सरला की हे लोक मेंढरं घेऊन आमच्याकडे उतरतात. उंटावर खाटा, गोधड्या, हंडे आणि वर कोंबडी. भाऊंनी गाडी थांबवली. कॅमल राईड कार्यक्रमात नव्हती, पण योग जुळून आला होता. उंटाशेजारी एक बाई उभी होती. भाऊंनी दर विचारला. तिनं भाऊंकडे पायापासून गोफापर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “सामान ले जाता है. आदमी पैर से चलता है.” आम्ही पुन्हा गाडीत बसलो.

आता वाळवंट. गाडी रस्ता सोडून नदीकडे वळली. भाऊंनी ड्रायव्हरला उतरवून चारही चाकांतली हवा कमी करायला लावली. तो नको म्हणत होता, पण दुबईला गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार. बाभळीचं बन संपलं आणि समोर नदीकाठ आला.

टेकडी अर्धीच उरली होती. उरलेल्या अर्धीला एक ट्रॅक्टर लागलेला होता आणि तिघं जण फावड्यानं आमचं वाळवंट ट्रॉलीत भरत होते.

ती टेकडी निसर्गानं केलेली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. कुणीतरी रात्री उपसून ठेवलेला तो साठा होता. आम्ही त्यांच्याकडे बघतोय तोवर त्यांनी आमच्याकडे बघितलं. पांढरी क्रूझर, आत गच्च माणसं, पुढं काळ्या चष्म्यातला, डोक्याला काहीतरी सरकारी बांधलेला इसम. फावडी जागच्या जागी पडली आणि तिघंही बाभळीत पसार झाले. ट्रॅक्टर चालूच होता. आबा म्हणाले, “भाऊ, दुबईमा बी असाच पळतस का?”

भाऊंनी तिकडं लक्ष दिलं नाही. “चढव,” ते ड्रायव्हरला म्हणाले. क्रूझर उरलेल्या टेकडीवर चढू लागली. चाकांतली हवा कमी केल्याचा उपयोग होतो हे मान्य केलं पाहिजे, कारण ती चक्क एक गाडीभर अंतर चढली. पण तिथल्या गाडीची चारही चाकं ओढतात, आमच्या गाडीची मागची दोन, आणि त्या दोघांवर आम्ही दहा जण. मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली गेली. वाळू खिडकीपर्यंत उडाली. मग सगळं थांबलं आणि फक्त त्या बेवारस ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

भाऊ खाली उतरले, कमरेवर हात ठेवून वाळूकडे पाहत राहिले. आमच्यात गटारीची कामं घेणारा एक ठेकेदार होता. त्यानं मूठभर वाळू उचलून बोटांत चोळली. भाऊ म्हणाले, “तिथली वाळू यापेक्षा बारीक. पण गाईड सांगत होता, बांधकामाला तिचा उपयोग नाही. वाऱ्यानं घासून कण गोल होतात, सिमेंट धरत नाहीत. इतकी वाळू असून ते लोक बाहेरून मागवतात.”

ठेकेदार उभा राहिला. “म्हणजे तिथली वाळू तिथंच का राहते ते कळलं,” तो म्हणाला. अख्ख्या दुबई-पुराणातली ही एकच गोष्ट त्यानं पुढं चार गावांत सांगितली.

गाडी काढायला ट्रॅक्टर लागणार होता, आणि ट्रॅक्टरवाला बाभळीत होता. शेवटी भाऊंनी उपरणं, गोफ, चष्मा सगळं काढलं आणि बनाकडे तोंड करून ओरडले, “अरे भो, आम्ही साहेब नाही! सहलीले आलो!” बराच वेळ कुणी आलं नाही. वाळूत सहलीला येतात यावर त्यांचाही विश्वास बसला नसावा. मग एक जण आला, त्यानं साखळी लावली, गाडी ओढून काढली आणि पाचशे रुपये घेतले. जाताना त्यानं विचारलं, “तुमना टेम्पो कुठं लावेल शे?”

एव्हाना दुपार झाली होती. प्रकाशाला पंपावर हवा भरली. आबांनी केदारेश्वराचं दर्शन घेतलं, संगमावर पाय धुतले आणि आजची सहल झाली म्हणून देवळाच्या पायरीवर बसले. त्यांना समजावून पुन्हा गाडीत घालण्यात अर्धा तास गेला. दक्षिण काशीहून कुणाला स्विमिंगला न्यायचं म्हणजे सोपं काम नाही.

स्विमिंगसाठी उनपदेव. शहाद्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. गोमुखातून बारमाही कढत पाणी पडतं आणि खाली कुंड. पौषातल्या थंडीत यापेक्षा चांगली जागा नाही. त्या दिवसातली भाऊंची ही निवड मात्र नंबर एक होती. पण भाऊ नुसते अंघोळीला आले नव्हते. त्यांच्या पिशवीतून पोहण्याची खास चड्डी, रबरी टोपी आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा निघाला. हॉटेलच्या पूलवर साध्या चड्डीत उतरू दिलं नाही म्हणून तिथंच घेतलेला संच. किती दिऱ्हॅमला, ते आम्हाला पाठ होतं.

कुंडात आधीच पाच-सहा म्हातारी माणसं मानेपर्यंत बसली होती. अंगाला खाज असली, सांधे धरले की लोक इथं येतात आणि डोळे मिटून बसतात. त्यांच्यामध्ये रबरी टोपी घातलेले भाऊ उतरले. चष्म्याच्या काचांवर लगेच वाफ धरली. भाऊंनी श्वास घेतला, पाय मारले, दोन हात ओढले आणि भिंतीला जाऊन लागले. वळले, दोन हात, पुन्हा भिंत. तिसऱ्या फेरीला त्यांचा हात एका आजोबांच्या गुडघ्याला लागला. आजोबांनी डोळे न उघडता सांगितलं, “बस, भाऊ. बस. इथं कोठे जावानं नही.”

भाऊ बसले. आम्हीही बसलो. तासभर कुणी उठलं नाही.

संध्याकाळचं जेवण वहिनींच्या माहेरी, शहाद्याजवळ शेतात. भाऊंनी आठ दिवस आधी फोन करून बार्बेक्यू हवं म्हणून सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, “भरीत करते.”

खानदेशातल्या माणसाला भरिताबद्दल सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी समजून घ्या. शेताच्या बांधाला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रचल्या होत्या, कमरेएवढ्या. त्यावर हिरवी, पांढरट, हाताच्या पंजाएवढी वांगी. वहिनींनी काडी लावली. पऱ्हाटी भसकन पेटते, जाळ अंगावर येतो आणि तितक्याच लवकर बसतो. नुसते निखारे उरतात. वांग्याची साल आधी तडतडली, मग सुरकुतली, मग देठाशी फुटून त्यातून पाणी निखाऱ्यावर पडून चरचर वाजायला लागलं. वहिनी नुसत्या बोटांनी वांगं उलटं करत होत्या आणि दर खेपेला बोटं शेजारच्या तांब्यात बुडवत होत्या. काळी साल सोलली तर आत धुराच्या वासाचा मऊ गर. दुसऱ्या बाजूला लाकडी मुसळीनं हिरवी मिरची नि लसूण ठेचणं चालू. मग गर, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून कोथिंबीर. कळण्याची भाकरी तव्यावरून थेट ताटात.

भाऊ मांडी घालून बसले. पहिला घास घेतला. आम्ही वाट पाहत होतो. दुसरा घास. तिसरा. नाकातून पाणी, कपाळावर घाम, आणि एक शब्द नाही. मी घड्याळात पाहिलं; अठ्ठावीस मिनिटं दुबई बंद होती.

शेवटी मीच विचारलं, “भाऊ, तिथं जेवण कसं होतं?”

उत्तर वहिनींनी दिलं, भाकरी थापता थापता. “तिसऱ्याच दिवशी फोन आला होता. शेंगदाण्याची चटणी संपली म्हणून.”

भाऊंनी मान वर केली नाही. आणखी एक भाकरी मागितली.

रात्री परतताना गाडीत सगळे पेंगत होते. नंदुरबारच्या पथाऱ्यांशी पुन्हा शिंका झाल्या, त्यात जाग आली. भाऊंनी मोबाईलच्या उजेडात मनगट पाहिलं आणि म्हणाले, “तिथं आत्ता साडेनऊ.” आबा मागून म्हणाले, “आपलेकडे अकरा. झोप.”

या हंगामात कपाशीवर पुन्हा अळी आहे आणि कंपनीचं टार्गेट जवळजवळ पुरं झालंय. यंदा बँकॉक ठरलंय, समुद्रकिनाऱ्यासकट. म्हणजे पुढच्या पौषात तापीवर बीच होणार. यायचं असेल त्यांनी दुकानावर नाव नोंदवावं. वर्गणी अडीचशेच आहे. ट्रॅक्टरचे पाचशे वाटून घेऊ. वांगी मात्र ज्याची त्यानं आणावीत.