पास्कलचा पुणेरी हिशेब

देव मानून टाकावा. नसला तर तोटा किरकोळ, असला तर लाभ अनंत, असे सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पास्कल सांगून गेले. राबवले पुण्याने, आणि काय काटकसरीने! दगडूशेठ गणपतीसमोर स्कूटर न थांबवता डावा हात छातीला, उजवा ॲक्सिलरेटरवर. हप्ता फिटला. ‘पण नेमका कोणता देव?’ ही टीकाकारांची शंकाही इथे गैरलागू. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर (हो, तोसुद्धा): गुंतवणूक चोख विभागलेली.

जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी हाच हिशेब लावून हेल्मेटसक्ती केली, तेव्हा सुज्ञ शहर विरोधात रस्त्यावर उतरले. योग्यच केले. डोके झाकले, तर देवाने भक्त ओळखायचा कसा?