सध्या काही करत नाही

महाडजवळच्या बिरवाडीत कुठल्याही घरी जा आणि पोरगा काय करतो म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं. "सध्या काही करत नाही हो. कॉलेज चालू आहे. संध्याकाळचा तेवढा हार्डवेअरच्या दुकानात बसतो."

बसतो म्हणजे चार-पाच तास उभा असतो. पाऊण इंची एल्बो आणि टी यांतला फरक प्लंबरच्या तोंडाला न लागता सांभाळतो, जीएसटीचं बिल फाडतो, नेटवर्क गेलं की यूपीआयचे पैसे आले की नाही ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखतो. आणि जुन्या उधारीची आठवण अशा गोडीनं देतो की माणूस आणखी उधारी करून जातो.

काहीच न करणाऱ्या या पोरांची गणपतीच्या आधी फार टंचाई होते. माणगावच्या कोंडीत तापलेले चाकरमानी महाड-पोलादपूरच्या हॉटेलांत उतरतात तेव्हा रात्री दोन वाजता बारा जणांची ऑर्डर तोंडपाठ ठेवून, एकाच वेळी तिघांच्या शिव्या ऐकून, वर हसून "काका, गरम आणतो" म्हणणारा कोण असतो? एस.वाय. कॉमर्स. 6 जूनला रायगडावर राज्याभिषेकाची गर्दी लोटते, तेव्हा पाचाडला गाड्या लावून देणाऱ्यांतही हेच सापडतात. गर्दी आवरायचं प्रशिक्षण लोक व्यवस्थापनाच्या कॉलेजात लाखो रुपये भरून घेतात. इथे एका शिट्टीत होतं.

मग हा पोरगा पदवी घेऊन शेजारच्या एमआयडीसीच्या गेटवर उभा राहतो. अर्जात रकाना असतो: अनुभव. तो लिहितो, "नाही". खोटं बोलायचं नाही हे संस्कार, आणि हॉटेलात ताटं उचलली हे सांगायचं नाही हेही संस्कारच. पुतण्या लंडनला शिकायला गेला आणि तिथल्या सुपरमार्केटच्या काउंटरवर उभा राहिला, तर मात्र काकू स्वतःहून सांगत सुटतात की तिकडे कायद्यानं आठवड्याला वीसच तास काम करता येतं, नाहीतर आमचा अजून केलं असता.

अनुभवाची ही तूट भरून काढायला सरकार धावून आलं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचं बारसं 'लाडका भाऊ' असं केलं. बारावीला महिना 6 हजार, आयटीआय आणि पदविकेला 8 हजार, पदवीला 10 हजार. सुरुवातीला सहा महिने. पंख्याखाली बसून आवक-जावक वहीत नोंद केली की ते प्रशिक्षण. हार्डवेअरच्या दुकानातला अख्खा स्टॉक तोंडपाठ असणं ही मात्र सवय. नव्या शैक्षणिक धोरणानंही पदवीला ऑन जॉब ट्रेनिंगचे क्रेडिट ठेवले आहेत. कल्पना चांगली आहे, माझी तक्रार नाही. फक्त त्याला लेटरहेड लागतं. हार्डवेअरवाल्या शेठकडे लेटरहेड नाही, पोराच्या मामांकडे आहे. तेव्हा पोरगा राबतो शेठकडे आणि प्रशिक्षित होतो मामांकडे, जिथे तो फक्त शिक्का घ्यायला गेला होता.

राबता राबता शिकणं ही कल्पना तशी नवी नाही. आंबेनळी घाट चढून उतरलं की सातारा. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत बसवून, स्वयंपाकापासून शेतापर्यंत कामाला लावून शिकवलं. त्यांनी कमवा आणि शिका म्हटलं. कमवा, पण कोणाला सांगू नका, ही दुरुस्ती आपली. 22 सप्टेंबरला त्यांच्या जयंतीची भाषणं होतात. भाषण लांबलं की शेवटच्या बाकावरचा एक पोरगा घड्याळ बघत सटकतो. त्याची पाळी सुरू होणार असते. हजेरी भरत नाही म्हणून त्याच्याच घरी पत्र जातं.

एवढ्या सगळ्यात एकटे शेठ समाधानी आहेत. मी त्यांना एकदा विचारलं, पोराला पगार काय देता?

"पगार?" शेठ दुखावलेच. "अहो, तो काय नोकर आहे? शिकतोय. घरच्यासारखा आहे आपल्या. त्याची आईच म्हणते, सध्या काही करत नाही म्हणून. दिवाळीला शर्टपीस देतो की."